पाण्यातल्या घराचा कोड

माझा आवाज मला कधीच आवडलेला नाही. जरा घोगरा, आणि वाक्य संपता संपता उगाच प्रेमळ होणारा. पण वेबसाइटला आवाज हवा होता आणि दुसरं कोणी तयार होईना, म्हणून देऊळगाव राजातल्या माझ्या खोलीत खिडकीला गोधडी टांगून मीच तो रेकॉर्ड केला. गोधडी टांगली तरी त्यात मागे जालन्याच्या बसचा हॉर्न ऐकू येतो. पुण्यात नोकरीला असताना कोणी असलं रेकॉर्डिंग माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. इथे स्वतःचं स्वतः करायचं म्हटल्यावर सगळं खपतं.

काम पत्त्यांचं होतं. आमच्या भागात पत्ता म्हणजे "मारोतीच्या मांगं, चक्कीच्या बाजूनं, तिथं कोनालेही इचारा." रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर मग खरंच कोणालाही विचारत बसतो. एका संस्थेने यावर उपाय म्हणून छोटे कोड काढायचे ठरवले होते. सगळ्या जमिनीच्या चौकटी पाडायच्या, एक चौकट साधारण एका खोलीएवढी, आणि प्रत्येक चौकटीला एक कोड. आधी गावाचं नाव, मग दोन अक्षरं आणि चार आकडे. गणित दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलं होतं. ते माणसांच्या हातात बसेल असं करणं माझ्याकडे आलं.

गणित सोपं, माणसं अवघड. घ आणि ध दिसायला सारखे, म्हणून दोन्ही काढले. आमच्याकडे ण चा न होतो आणि ळ चा य, तेव्हा फोनवर कोड सांगताना घोटाळा नको म्हणून तेही गेले. जोड्या तपासताना एका गावाला 'मर' अशी अक्षरं आलेली दिसली. म्हटलं, कोणाच्या दारावर हे रंगवायचं? ती जोडीही काढली. दुसरबीडला पहिल्यांदा तपासायला गेले तर निम्म्या लोकांनी आपल्या घराऐवजी हमरस्त्यावरच्या हॉटेलवर बोट ठेवलं. "तिथून कोनीबी सांगते," म्हणे. मी हात टेकले.

आणि ते बटण. कोड टाकला की खाली मोठं हिरवं बटण येई, त्यावर मी लिहिलं होतं 'जा'. देऊळगावच्या स्टँडवर एका बाईला ते दाबायला सांगितलं तर तिने विस्तवाला हात लागल्यासारखं बोट मागे घेतलं. "आपल्या मानसाईचं घर दाखवता अन् वर 'जा' म्हनता का बाई?" मी कपाळावर हात मारला, स्वतःच्याच. माझी आई रागाने भांडून निघाली तरी दारातून "येते" म्हणूनच निघते, आणि आतलं माणूस "या" म्हटल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. असल्या घरात वाढलेली मी, आणि बटणावर 'जा' लिहून मोकळी झाले होते. त्याच दिवशी 'जा'चं 'या' केलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजही तसाच केला. बटण दाबलं की मी म्हणायची, "या." वळणं सांगायची. आणि त्या चौकटीत पाय पडला की पुन्हा, "या. घर आलं."

मला ते फार गोड वाटलं होतं.

धरणामुळे उठवलेलं एक गाव आमच्या तालुक्यात आहे. नव्या जागी त्याला कागदावर जुनंच नाव आहे, पण सगळे त्याला 'पुनर्वसन' म्हणतात, जणू तेच गावाचं नाव. सरळ गल्ल्या, टिनाची छपरं, समाजमंदिर. तिथे मी सतरंजीवर लॅपटॉप मांडून बसले आणि एकेकाला पुढे बोलावून सांगितलं, "आपल्या घरावर बोट ठेवा." पोरासोरांनी पटापट ठेवलं. मग म्हातारी माणसं आली.

पहिली आजी पडद्यावर ओणवी झाली. आकाशातून घेतलेल्या त्या फोटोत पुनर्वसनाची छपरं एका कोपऱ्यात होती आणि बाकी अर्धा पडदा धरणाच्या पाण्याने निळा होता. तिने विचारलं, "हा फोटू कधीचा हाये? पानी लय दिसून राह्यलं." आणि तिने बोट ठेवलं ते पाण्यावर. मी तिचं बोट धरून छपरांवर आणलं. तिने ते परत नेलं. "तुमी घर म्हनल्या ना," ती म्हणाली, मलाच समजावल्यासारखी.

मला वाटलं नकाशा सरकलाय. मी लॅपटॉपला दोन शिव्या हासडल्या, बंद करून चालू केला. पुढच्या आजोबांनीही पाण्यावरच ठेवलं, त्यांच्या मागच्यांनीही. मी वाद घालायचं सोडून दिलं, एकाचं झालं की त्याचा ठिपका पडद्यावरून झाकायची आणि दुसऱ्याला बोलवायची.

संध्याकाळी खोलीवर येऊन सगळे ठिपके एकदम उघडले. निळ्या पाण्यावर दोन ओळी उमटल्या, समोरासमोर. मध्ये वाट सुटलेली. ती वाट पुढे जाऊन रुंद होत होती आणि तिथे एकही ठिपका नव्हता. चौक असणार. त्या माणसांनी एकमेकांचे ठिपके पाहिलेले नव्हते. तरी कोणाचं घर कोणाच्या घरावर पडलं नव्हतं, कोणी वाट अडवली नव्हती. पाण्याखालून एक गाव वर बघत होतं. मी उठून दिवा लावला आणि रेडिओ मोठा केला.

सकाळी मी ते ठिपके पुसले. पण ठिपका पुसला म्हणून कोड पुसला जात नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कोड जागेचा असतो, घराचा नव्हे. दगडाला असतो, बाभळीला असतो, पाण्यालाही असतो.

ठिपके घेतले त्या दिवशी समाजमंदिरात एक ताई वडिलांना घेऊन आली होती. शिवणकाम करणारी, पन्नाशीची, त्यांच्यासोबत एकटीच राहणारी. वडिलांना ती आबा म्हणायची, मग मीही आबाच म्हणू लागले. आबा तरुणपणी गवंडी होते, जुन्या गावातलं घर त्यांनी स्वतः बांधलेलं. आता ते विसरत चालले होते. जेवलेलं विसरत, लेकीचं नाव विसरत, आणि उठून चालू लागत. ताईला हवं होतं की त्यांच्या गळ्यात घराचा कोड असावा, म्हणजे ज्याला सापडतील तो आणून सोडेल. "फोन नंबर लिहा की," मी म्हटलं. ती म्हणाली, "नंबर लिवला की लोकं फोन करतात, बुढा इथं बसला हाये, घेऊन जा. पत्ता असला तं आनून सोडतात." तिचं बरोबर होतं. आम्ही पुनर्वसनातल्या घराचा कोड घालून बिल्ला केला. आबांनी तो दुसऱ्या दिवशी काढून शेळीच्या गळ्यात बांधला. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो त्यावर.

आबांनी आपलं बोट कुठे ठेवलं होतं ते मात्र मी विसरले होते. ताईने गाणी ऐकायला दिलेल्या जुन्या फोनवर त्यांनी त्या जागेचा कोड समाजमंदिरातल्या कोणा पोराकडून, त्याच्याच नेटवर, जतन करून घेतला होता. दल ४०६८. पाण्यातल्या घराचा.

उन्हाळा लागला तेव्हा एके दिवशी ताईचा फोन आला. "मॅडम, तुमचा आवाज बंद करता येते का?"

"माझा?"

"दुपारच्याले आमच्या घरात तुमी बोलता."

मी चाचांची रिक्षा केली. चाचा म्हणजे देऊळगावहून त्या बाजूला सवाऱ्या नेणारे वयस्कर रिक्षावाले, सगळ्या गावांतली माणसं त्यांना तोंडपाठ. पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. ताईच्या दाराशी गेले, कडी वाजवायला हात उचलला आणि टिनाच्या दारामागून मला माझाच आवाज ऐकू आला.

"या."

आणि एक म्हातारा आवाज, नम्रपणे, "हाव."

मी दाराशी तशीच उभी राहिले. आपला आवाज आपण नसलेल्या घरात कोणाला तरी बोलावतोय, हे ऐकायची वेळ कोणावर येऊ नये. मला त्या आवाजाची भीती वाटली, खरंच भीती. मीच तो गोधडीआड बसून तीन-तीनदा बोलले होते, हे माहीत असूनही.

आत आबा खाटेवर बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात चपला. हातात फोन. "बसा," ते म्हणाले, "मले निघाचं हाये."

"कुठे निघालात आबा?" मी विचारलं.

त्यांनी चमकून फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा फोनकडे. आणि चेहरा असा उजळला की मला बघवेना. "तुमी तिकडून आल्या का?" त्यांनी विचारलं. "घरी कोन कोन हाये?"

ताईने मला बाहेर ओढलं. "माही माय जुन्या गावातच गेली," ती म्हणाली, "पानी याच्या आधी. आबा ते इसरला. आता कोनीतरी घरून बोलावते असं वाटते त्याले. रोज दुपारी कपडे घालून बसते. मी दार लावून ठेवते, मॅडम. पन एखाद्या दिवशी मह्या हातून राहीन. अन् तो थेट पान्यात जाईन, तुमच्या आवाजाच्या मांगं मांगं." तिने हे रागाने म्हटलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी मी पुन्हा गोधडी टांगली. पाण्यातल्या सगळ्या चौकटींसाठी नवा आवाज भरला. "पुढे रस्ता नाही. मागे फिरा." मुद्दाम कोरडा, तरी शेवटी तो प्रेमळ झालाच. कुठल्याही फोनवर पाण्याच्या काठाशी गेलं की आता हेच ऐकू येणार होतं. फक्त आबांच्या फोनवर नाही. नेट नसलं तरी चालावी अशी वेबसाइट मी मोठ्या अभिमानाने केली होती, एकदा उघडली की ती फोनमध्ये राहते. आबांच्या फोनला नेट नव्हतं आणि आबा तो फोन झोपेतही मुठीत धरून असायचे. ताई म्हणाली, हातात लागला की मी नवा आवाज भरून घेईन.

ऐन मे महिन्यात ताईचा फोन आला, नुसती धाप लागलेली. दाराशी ब्लाऊजचं माप द्यायला कोणी आलं होतं, तेवढ्यात आबा मागच्या दाराने निघून गेले होते. चाचा जेवायला बसले होते, ते हात धुऊन तसेच उठले. पुनर्वसनात ताईला घेतलं. ती रस्त्याच्या कडेला उभीच होती. "पान्याकडं," ती एवढंच म्हणाली.

धरणाकडचा रस्ता उतरत गेला आणि जमीन भेगाळलेली दिसू लागली तिथे चाचांनी रिक्षा थांबवली. माझ्या फोनवरच्या नकाशात इथून निळं सुरू होत होतं. फोन बोलला, "पुढे रस्ता नाही. मागे फिरा."

समोर पाणी नव्हतं. ते आटून लांब, पार टोकाला पांढऱ्या रेघेसारखं उरलं होतं. आणि आमच्या पायापासून थेट आत एक पांदण गेली होती, दोन्ही बाजूंना दगड रचलेली, बैलगाडीच्या चाकोऱ्यांसकट.

चाचा रिक्षातून उतरले नाहीत. "या गावात म्या वराती आनल्या बेटा," ते ताईला म्हणाले. "मह्याच्यानं नाही पाय ठेवल्या जात. तुमी उजव्या अंगानं जा. डाव्या हाताले हीर हाये, गाळानं भरली, पन दिसत नाही."

आम्ही चालू लागलो. वारा नव्हता. भेगांतून शिंपले चमकत होते आणि कुठे माशाचा वास, कुठे नुसत्या उन्हाचा. माझ्या फोनवर आम्ही दोघी म्हणजे एक ठिपका होतो, पाण्याच्या मधोमध. "पुढे रस्ता नाही," मी म्हणत होते. "मागे फिरा." मी आवाज बंद करायला बोट पुढे केलं तर ताई म्हणाली, "नोको. बोलू द्या. कोनीतरी बोलत राहू द्या."

मग घरांची जोती सुरू झाली. भिंती नाहीत, नुसती दगडी जोती, गाळाने माखलेली. दोन ओळी, समोरासमोर. मध्ये वाट. मला कळलं की मला हे गाव माहीत आहे. ताई उजवीकडे वळायच्या आधी मी वळले होते. पुढे वाट रुंद होणार हे मला माहीत होतं, आणि ती झाली. चौकाच्या मधोमध एक मोडका पार होता. त्यावर माझ्या नकाशात कोणी ठिपका ठेवला नव्हता, कारण तिथे कोणी राहत नव्हतं.

"आबा!" ताई ओरडली.

चौकाच्या पलीकडच्या जोत्यावर आबा बसले होते. पांढरा सदरा, टोपी. चपला उंबऱ्याच्या दगडाबाहेर नीट जोडीने काढून ठेवलेल्या. आम्हाला पाहून ते अजिबात दचकले नाहीत.

"काऊन बाहेर उभी?" ते लेकीला म्हणाले. "आत ये ना."

ताईने चपला काढल्या. तापलेल्या गाळावर अनवाणी पाय ठेवून ती उंबरा ओलांडून आत गेली. मीही काढल्या. का काढल्या ते सांगता यायचं नाही, तिथे भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, पण चपला घालून आत जाणं मला जमलं नाही. तेवढ्यात माझ्या हातातला फोन म्हणाला, "पुढे रस्ता नाही."

आबांच्या कपाळाला आठी पडली. "हे कोन खोटं बोलून राह्यलं?"

मी फोन बंद केला.

ताई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आबा, घरी चला."

"घरीच तं हाये."

"ऊन लागीन. पानी नाही प्यालेले तुमी."

"आता तं आलो," आबा म्हणाले, आणि त्यांनी जोत्याच्या दगडावर तळवा ठेवला, गवंड्याने ठेवावा तसा, दगड बसलाय का बघायला. ताई रडायला लागली. मोठ्याने नाही. त्यांना उचलून न्यायचं म्हटलं तरी आम्हा दोघींच्या आवाक्यातलं ते नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बघून कोणी हात लावला नसता. मग ताईने पदराने तोंड पुसलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलली, लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीच्या.

"आबा, लेकीकडं नाही येत का? कधीचं बोलावून राह्यली मी. वांग्याची भाजी केली. जेवाले चला."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "लेकीकडं?" ते म्हणाले. "हाव. लेकीकडं तं जा लागन."

ते उठले. मी उंबऱ्याबाहेर बसून त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. उंबऱ्याच्या दगडाबाहेर एक पाऊल टाकून ते थांबले, मागे वळले, ते पाऊलही परत आत घेतलं. त्या उघड्या, रिकाम्या जोत्याकडे, जिथे एके काळी चूल असेल त्या कोपऱ्याकडे बघून ते म्हणाले,

"येतो."

आणि वाट बघत उभे राहिले. आतून कोणी निरोप देईपर्यंत ते हलणार नव्हते. ताईने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं आपणच 'या' म्हणावं.

तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून मीच म्हणाले, "या. घर आलं." घोगरा, शेवटी प्रेमळ होणारा आवाज, आणि त्याच्या मागे, त्या आटलेल्या धरणाच्या तळाशी, जालन्याच्या बसचा हॉर्न.

नंतर मी हिशेब लावला. पाऊल बाहेर गेलं आणि परत चौकटीत आलं, म्हणून जुना आवाज पुन्हा वाजला. एवढंच झालं होतं. पण त्या वेळी मी ताईच्या अंगावर अंग टाकून उभी होते, लहान मुलीसारखी. आबांनी समाधानाने मान हलवली, चपला घातल्या आणि ते चालू लागले. पूर्ण वाट ताईने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

आता पाणी परत चढलं आहे. पांदण, पार, जोती सगळं खाली गेलं. नकाशातलं निळं आता खरं आहे. ताईने मध्ये एकदा आबांचा फोन काढून घेतला होता, तर त्यांनी अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी तिने तो परत मुठीत ठेवला तेव्हा त्यांनी भाकर मागितली. मी नवा आवाज घालून देते म्हणाले. ताई नको म्हणाली. "त्याले कोनी बोलावतच नाही असं झालं तं तो कोनासाठी जेवन?"

परवा माझा ब्लाऊज आणायला गेले होते. दुपार होती. ताई मशीनवर, आबा खाटेवर, धुतलेला सदरा घालून. त्यांनी बटण दाबलं. "या," मी म्हणाले, खाटेवरून.

"हाव," आबा म्हणाले. "सांगलं ना, येतो म्हनून."

ताईचं मशीन थांबलं. आम्ही दोघींनी मागच्या दाराकडे पाहिलं. त्याला तिने वर, आबांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, नवी कडी बसवून घेतली आहे. कडी लागलेली होती.